बॅटरीचे जादा सेल : घरच्या घरी करा सुरक्षित बटवा

पावसाळा तोंडावर आला की आपल्या घरांत एक काम ठरलेले असते. दादी किंवा अम्मी कपाटातली बॅटरी काढायला सांगतात, बटण दाबून पाहिले जाते, आणि उजेड पिवळट पडला की दुकानातून नवे सेल मागवले जातात. आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात आणि तिच्यात घालायच्या बॅटरीला सेल. या लेखातही आम्ही हेच शब्द वापरले आहेत.

मोबाइलमध्ये उजेड असताना बॅटरी कशाला, असे तरुण मुले विचारतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले. त्यानंतर रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. मोबाइल पहिल्या एक-दोन दिवसांतच बंद पडले. ज्या घरात सेलवर चालणारी बॅटरी आणि जादा सेल होते, त्या घरात रात्री आजारी माणसाला औषध देता आले आणि विहिरीपर्यंत जाता आले. फजरच्या नमाजला अंधारात मस्जिद गाठणारे बुजुर्ग, खाडीवर जाळे टाकणारे, बागेत राखणीला जाणारे आणि रात्री मय्यत दफन करायला कब्रस्तानात जाणारे लोक आजही बॅटरीशिवाय निघत नाहीत.

बॅटरी आपण सांभाळतो, पण जादा सेल कसेही ठेवतो. कुर्त्याच्या खिशात किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर, पर्समध्ये सुट्ट्या नाण्यांत आणि सेफ्टी पिनांत, नाहीतर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. धोका तिथेच सुरू होतो.

सेल तापतो का?

सेलला दोन टोके असतात. गुंडीसारखे उंच टोक अधिक, सपाट टोक उणे. एका टोकाकडून दुसऱ्याकडे वीज जाते तेव्हा मधे बल्ब असतो आणि तो वीज अडवून उजेड देतो. बल्बऐवजी किल्ली, नाणे किंवा साखळी दोन्ही टोकांना एकाच वेळी टेकली, तर वीज अडवणारे काहीच राहत नाही. सेलमध्ये साठवलेली सगळी ताकद एकदम वाहू लागते. यालाच आपण शॉर्ट होणे म्हणतो.

साधा सेल दीड व्होल्टचा असतो, त्याचा झटका लागत नाही. म्हणून लोकांना तो निरुपद्रवी वाटतो. पण शॉर्ट झालेला सेल हात भाजेल इतका तापू शकतो, त्यातला रस बाहेर येऊ शकतो, आणि ऐन गरजेच्या वेळी तो रिकामा निघतो तो वेगळाच.

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी याहून जोखमीची, कारण तिची दोन्ही टोके एकाच बाजूला अगदी शेजारी असतात. एक नाणेही दोघांना जोडू शकते. भांडी घासायच्या बारीक स्टीलच्या घासणीला ती टेकली तर घासणीतल्या तारा पेट घेतात. स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये या दोन वस्तू कधीही एकत्र नकोत.

हल्लीच्या प्रखर एलईडी बॅटऱ्यांत चार्जिंगचे लिथियम सेल असतात. त्यातला १८६५० हा आकार सर्वांत जास्त दिसतो, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. या सेलचे बाहेरचे सगळे धातूचे कवच उण्या टोकाशी जोडलेले असते. अधिक टोक आणि हे कवच यांच्यात वरच्या कडेला जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे अंतर असते, आणि वरून फक्त पातळ प्लास्टिकचे वेष्टन असते. ते वेष्टन कडेला फाटले की एक पिनसुद्धा सेल शॉर्ट करू शकते. लिथियम सेल शॉर्ट झाला तर नुसता तापून थांबेलच असे नाही. तो धूर सोडतो, पेटू शकतो, आणि शेजारच्या सेललाही पेटवू शकतो.

टोक झाकून चालण्याची शिकवण

हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी सांगितलेली एक हदीस सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मस्जिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने बाणांची टोके हातात धरून चालावे, म्हणजे कोणा मुस्लिमाला इजा होणार नाही, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. बाण बाळगायला मनाई केली नाही. तो कसा न्यायचा, हे शिकवले.

अबू मूसा (रजि.) यांच्याकडूनच आलेली दुसरी हदीस अशी की, मदीनेत एका रात्री एक घर माणसांसह जळाले, तेव्हा आग ही तुमची शत्रू आहे, झोपताना ती विझवत जा, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. आज आपल्या घरांत रात्री दिवा क्वचितच जळतो, पण ड्रॉवरमध्ये उघड्या टोकांचे सेल पडलेले असतात. काळजी घेण्याची शिकवण त्यांनाही लागू होते, असे आम्हाला वाटते.

म्हणून या लेखाचा सारा भर एकाच गोष्टीवर आहे : टोके झाका. त्यासाठी विकतचे काही लागत नाही.

पहिला उपाय : चिकटपट्टी

वायरमन वापरतात ती काळी किंवा रंगीत इन्सुलेशन टेप घ्या. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा कापून सेलच्या अधिक टोकावर लावा आणि कडेवर दाबा. तुकड्याचे एक टोक थोडे दुमडून ठेवले की अंधारातही नखाने ओढून काढता येते. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर दोन्ही टोके झाकणारी एकच पट्टी लावा. लिथियम सेलला दोन्ही टोकांवर टेप लावलेली बरी.

याचा आणखी एक फायदा आहे. टेप असलेला सेल नवा आणि टेप नसलेला वापरलेला, असा घरात नियम करा. वादळी रात्री मेणबत्तीच्या उजेडात कोणता सेल भरलेला आणि कोणता रिकामा, हा घोळ राहत नाही. टेपवर खरेदीचा महिना लिहून ठेवा.

दुसरा उपाय : कापडी बटवा

शिलाई मशीन असलेल्या घरात हे अर्ध्या तासाचे काम आहे. जुन्या जीन्सचे किंवा जाड सुती चादरीचे कापड घ्या. चार पेन्सिल सेल, म्हणजे पाकिटावर एए लिहिलेले, बसतील असा बटवा करायचा असेल तर १४ सेंटिमीटर रुंद आणि १८ सेंटिमीटर लांब तुकडा कापा. चारही बाजूंनी एक सेंटिमीटर दुमडून शिवा. आता तुकडा १२ बाय १६ झाला. खालून साडेपाच सेंटिमीटर भाग वर दुमडा. दोन्ही कडांपासून एक-एक सेंटिमीटर आत उभी शिवण घाला, आणि मधल्या जागेत अडीच सेंटिमीटरच्या अंतराने आणखी तीन उभ्या शिवणी घाला. चार कप्पे तयार झाले. वर उरलेले पाच सेंटिमीटर कापड झाकण म्हणून सेलच्या डोक्यावर येते. मग बटवा गुंडाळायचा आणि नाडीने बांधायचा.

जुन्या पद्धतीच्या बॅटरीतले मोठे सेल साधारण ३४ मिलिमीटर जाड आणि ६१ मिलिमीटर लांब असतात. त्यांच्यासाठी कप्पा सहा सेंटिमीटर रुंद आणि साडेसहा सेंटिमीटर खोल ठेवा, आणि कापड त्या हिशेबाने मोठे घ्या.

दोन गोष्टी मात्र पाळा. बटव्याला धातूची चेन, हूक किंवा टिच बटण लावू नका. आणि जर किंवा चमकीचे कापड वापरू नका, त्यात धातूची तार असू शकते. पावसात नेताना बटवा प्लास्टिकच्या पिशवीत घाला.

तिसरा उपाय : प्लास्टिकची नळी

घराच्या वायरिंगसाठी वापरलेल्या पीव्हीसी पाईपचे तुकडे बहुतेक घरांत माळ्यावर पडलेले असतात. २० मिलिमीटरच्या पाईपमध्ये पेन्सिल सेल आणि २५ मिलिमीटरच्या पाईपमध्ये १८६५० सेल साधारणपणे बसतो. पाईपची जाडी कमी-जास्त असते, म्हणून आधी सेल घालून पाहा. हव्या त्या लांबीचा तुकडा कापा, कडा घासून गुळगुळीत करा आणि दोन्ही तोंडांना प्लास्टिकची टोपणे बसवा. टोपण मिळाले नाही तर जाड कापडाचा बोळा आणि वरून टेप चालेल. दोन सेल एकामागे एक ठेवायचे असतील तर मधे पुठ्ठ्याची गोल चकती घाला. सेल नळीत खुळखुळत असेल तर त्याभोवती कागदाचा एक वेढा द्या.

खाडीवर किंवा डोंगरात जाणाऱ्यांसाठी ही नळी सर्वांत चांगली. ती दबत नाही, आणि टोपणांवर टेप गुंडाळली की पाण्याचे शिंतोडेही आत जात नाहीत.

चौथा उपाय : सायकलची जुनी ट्यूब

पंक्चरवाल्याकडे फेकायच्या ट्यूब मिळतात. ट्यूब धुऊन, आतली पांढरी पावडर पुसून, कोरडी करा. मोठ्या सेलपेक्षा चार सेंटिमीटर लांब तुकडा कापून सेल आत सरकवा. दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर रबर उरेल, ते टोकांवर दुमडून वर रबरबँड लावा. रबरातून वीज जात नाही आणि सेल हातातून पडला तरी मार बसत नाही. सगळ्या ट्यूबची रुंदी सारखी नसते, तेव्हा घट्ट बसणारीच निवडा.

पाचवा उपाय : कागद आणि डबी

काहीच हाताशी नसेल तर जुन्या लग्नपत्रिकेचा किंवा वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा सेलभोवती गुंडाळा, दोन्ही बाजूंना उरलेला कागद आत दुमडा आणि चिकटपट्टी लावा. प्रवासाची साबणाची प्लास्टिकची डबीही उपयोगी पडते. आत पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या घालून कप्पे करा, म्हणजे सेल एकमेकांना टेकणार नाहीत.

औषधाच्या रिकाम्या बाटलीत सेल ठेवत असाल तर जुने लेबल काढून वर मोठ्या अक्षरांत ‘सेल’ लिहा आणि ती औषधांच्या फळीवर ठेवू नका. डोळ्यांना कमी दिसणाऱ्या बुजुर्गांचा गोंधळ होऊ शकतो.

पत्र्याचा डबा, पानाचा डबा, चांदीची किंवा जर्मनची डबी, अॅल्युमिनियमची फॉइल, यातले काहीही सेलसाठी वापरायचे नाही. डबा सुंदर असला तरी तो धातूच आहे.

घरात ठेवताना

सेल कोरड्या आणि थंड जागी ठेवा, चुलीजवळ किंवा खिडकीच्या उन्हात नको. फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही. बाहेर काढल्यावर त्यावर दव धरते. नवा आणि जुना सेल एकाच बॅटरीत जोडीने घालू नका. जुना आधी संपतो, नवा त्याला उलटा ढकलत राहतो आणि जुना पाझरतो. बॅटरी महिनोन्महिने वापरायची नसेल तर आतले सेल काढून बटव्यात ठेवा.

सेल पाझरून पांढरी पूड जमली असेल तर ती उघड्या हाताने पुसू नका. हातमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घालून सेल काढा. अल्कलाइन सेलची पूड व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात किंचित भिजवलेल्या कपड्याने निघते. मग ओल्या आणि त्यानंतर कोरड्या कपड्याने पुसा.

लिथियम सेलवर पोचा आला, तो फुगला किंवा त्याचे वेष्टन फाटले, तर तो जादा म्हणूनही ठेवू नका. धूर येऊ लागलेला सेल हातात उचलू नये. माणसांना दूर करा आणि शक्य असेल तर लांबूनच भरपूर पाणी ओता.

उमरा आणि हजच्या सफरीत

विमानाचा नियम आधी लक्षात घ्या. लिथियमचे जादा सेल आणि पॉवर बँक चेक-इन सामानात टाकायचे नसतात, ते आपल्याबरोबरच्या हातातल्या बॅगेतच न्यायचे. सामानाच्या कप्प्यात आग लागली तर तिथे विझवायला माणूस नसतो. हातातल्या बॅगेतही प्रत्येक सेलचे टोक टेपने झाकलेले हवे, किंवा प्रत्येक सेल वेगळ्या पिशवीत हवा. विमानाच्या दारात जागा नाही म्हणून तुमची बॅग खाली पाठवली, तर आधी त्यातले सेल आणि पॉवर बँक काढून घ्या.

मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. हिशेब सोपा आहे. व्होल्टला मिलिअँपिअर-तासांनी गुणा आणि हजाराने भागा. ३.७ व्होल्टचा ३००० मिलिअँपिअर-तासांचा सेल म्हणजे ११.१ वॉट-तास. २०,००० ची पॉवर बँक म्हणजे ७४. त्यामुळे घरगुती वस्तू बहुधा मर्यादेत बसतात, पण किती नग न्यायचे हे विमान कंपनीनुसार बदलते. साध्या पेन्सिल सेलबाबतही निघण्यापूर्वी कंपनीला विचारून घ्या.

एहरामच्या पुरुषांच्या चादरींना खिसा नसतो. पासपोर्ट, रियालची नाणी, खोलीची किल्ली आणि सेल, सगळे कमरेच्या पट्ट्यात एकत्र येते. मुज्दलिफाच्या रात्री लोक उघड्यावर असतात, खडे वेचतात, गर्दीत चालतात. तिथे पट्ट्यात सेल तापला तर कापड अंगालाच आहे. सेलला टेप लावून छोट्या प्लास्टिकच्या नळीत घातले की ही चिंता उरत नाही. हाजींच्या सामानाची यादी करताना हे काम घरच्या मुलांवर सोपवा.

लहान मुलांचे घर असेल तर

किल्लीला लावायच्या छोट्या बॅटऱ्या आणि बोटात घालायची डिजिटल तस्बीह, यांत बटणासारखे चपटे सेल असतात. मुलांना ते गोळीसारखे वाटतात. सीआर २०३२ सारखा २० मिलिमीटरचा सेल मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकते. सेल रिकामा झालेला असला तरी धोका असतो.

मुलाने असा सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी सरळ मोठे हॉस्पिटल गाठा आणि एक्स-रे काढायला सांगा. उलटी करवू नका. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, गिळता येत असेल आणि सेल गेल्या बारा तासांत गिळला असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात, जास्तीत जास्त सहा वेळा. पण मध शोधण्यात वेळ घालवायचा नाही. मध हा इलाज नव्हे, हॉस्पिटलपर्यंतचा आधार आहे.

चपटे सेल ठेवताना टेपच्या दोन पट्ट्यांमध्ये सेल दाबून ती पट्टी जाड पुठ्ठ्यावर चिकटवा आणि कुलूपबंद कपाटात ठेवा. तस्बीहच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर त्यावरही टेप गुंडाळा.

संपलेल्या सेलचे काय?

संपलेला सेलही पूर्ण रिकामा नसतो. त्याचे टोक झाकूनच तो बाजूला काढा. चुलीत, शेकोटीत किंवा जाळायच्या कचऱ्यात सेल टाकू नका, तो फुटतो. विहिरीच्या आसपास किंवा मातीत पुरू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. प्लास्टिकच्या बरणीत साठवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

या जुम्याला एवढे करा

घरातले सगळे सेल एका जागी काढा. पर्स, ड्रॉवर, रिमोटच्या शेजारची वाटी, अब्बांचा जुना कोट, सगळे तपासा. फुगलेले आणि पाझरलेले वेगळे करा. चांगल्यांना टेप लावा, महिना लिहा, बटव्यात घाला. बटवा बॅटरीच्या शेजारीच टांगा आणि त्याची जागा घरातल्या प्रत्येकाला दाखवा.

कापड उरले तर आणखी एक बटवा शिवा. तो मस्जिदीच्या मुअज्जिनसाहेबांना द्या, किंवा गल्लीत एकट्या राहणाऱ्या एखाद्या खालाला, आणि त्यात चार नवे सेल घालून द्या. पुढच्या वादळात वीज गेली तर त्या घरातही उजेड असेल.